सहा नवरदेवांचं घड्याळ

मित्रांनो, मनगटावर बांधायचं एक म्हातारं घड्याळ तुमच्याशी बोलतंय. चावीचं घड्याळ. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. माझ्या वयाचे झालात की तुम्हीही थोडे मागे पडाल, तेव्हा बघू. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. माझ्यापायी एका बाईनं आपल्या नवऱ्याला चाळीसहून जास्त वर्षं खोटारडा आणि दारुडा मानलं. तो तसा नव्हता. हे मला पक्कं ठाऊक होतं, पण टिकटिक करण्यापलीकडे मला काही येत नाही.

माझा जन्म शांघायच्या कारखान्यातला. पोलादी अंग, पांढरी तबकडी, पोटात चाकांना टेकू देणारे सतरा खडे. माझे काटे बसवणारी मुलगी श्वास रोखून काम करायची आणि काटा बसला की हळूच उसासा टाकायची. तिचं नाव मला कधी कळलं नाही, याची अजून रुखरुख वाटते.

त्या काळी दुकानात जाऊन घड्याळ घेऊन आलो, असं होत नसे. त्यासाठी कूपन लागे, आणि अख्ख्या खात्याला मिळून वर्षाकाठी एखादं कूपन येई. यांगत्से नदीच्या काठी वूहू शहरात इनॅमलची भांडी करणारा एक कारखाना होता. लाल फुलांची बेसिनं, झाकणाचे मग, असलं सामान तिथं व्हायचं. तिथल्या भट्टीखात्यात एक कूपन आलं. चिठ्ठ्या टाकल्या. खात्यात लग्नाळू पोरं सहा होती, आणि चिठ्ठी निघाली ती नेमकी छ्यू मेस्त्रींची. मेस्त्री पन्नाशीचे, एकटा जीव, भुवया भट्टीच्या धगीनं कायमच्या गेलेल्या. सहाही पोरांची तोंडं उतरली.

मेस्त्रींनी मला कामाला जुंपलं. भांडं भट्टीत साडेतीन मिनिटं ठेवायचं. कमी ठेवलं तर रंग कच्चा, जास्त ठेवलं तर जळका. आधी ते मनातल्या मनात आकडे म्हणत. मी आल्यावर खराब माल निम्म्यावर आला आणि साहेब येऊन मला बघून गेले. एकदा तापलेल्या लाल रंगाचा तिळाएवढा थेंब उडून माझ्या अंगाला, पट्टा अडकतो त्या कडीपाशी, चिकटला. तो पुढे कधीच निघाला नाही. भट्टीतल्या कामगारांच्या अंगावर असतात तसाच तो माझ्या अंगावरचा डाग, आणि मला त्याचा अभिमान होता.

मग पोरांची लग्नं निघू लागली. मुलीकडचे लोक चार वस्तूंची चौकशी करत: सायकल, शिवणयंत्र, रेडिओ आणि घड्याळ. पहिल्या तीन वस्तू घरी आहेत म्हणून सांगता येत होतं. शेजाऱ्याकडून उसन्या आणून दोन दिवस मांडूनही ठेवता येत होत्या. घड्याळाचं तसं नाही. ते मुलाच्या हातावर दिसावं लागतं.

पहिला आला तो दारातच घुटमळला.

"मेस्त्री, रविवारी मुलगी बघायला जायचंय."

"मग जा की. मी काय अडवलंय तुला?"

"हात रिकामा दिसतो."

"हात रिकामा दिसतो म्हणे. डोकं रिकामं आहे ते दिसत नाही का कुणाला?"

असं म्हणत म्हणत मेस्त्रींनी मला सोडलं आणि त्याच्या मनगटावर बांधलं. "रोज सकाळी चावी द्यायची. हात धुताना काढून ठेवायचं. आणि घड्याळ दाखवायच्या नादात तोंड दाखवायला विसरू नकोस."

ते लग्न जमलं. मग मेस्त्रींनी सहाही जणांना भट्टीसमोर उभं केलं. "लग्नानंतर तिसऱ्या दिवशी घड्याळ माझ्या हातात आलं पाहिजे. बायकोला काय थाप मारायची ती ज्याची त्यानं बघावी. पण एक नीट ऐका. एकानं तोंड उघडलं तर बाकीच्या पाच घरांत रडारड होईल. दुसऱ्याचा संसार मोडून स्वतःचा सांभाळायचा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून मेस्त्री मला फक्त भट्टीपुढे बांधत. बाहेर पडताना रुमालात गुंडाळून खिशात टाकत, म्हणजे कामगारांच्या चाळीतल्या बायकांना मी कधी दिसू नये.

तीन-चार वर्षांत मी सहा वेळा बोहल्यावर चढलो म्हणा ना. फोटो काढायला गेलं की फोटोवाला सांगायचा, "नवरदेव, डावा हात जरा पुढे." कापूस भरलेल्या जाडजूड कोटाची बाही भर थंडीत दोनदा दुमडली जायची आणि मी चमकायचो. सहा घरांच्या भिंतींवर सहा फोटो लागले. नवरदेव सहा, नवऱ्या सहा आणि घड्याळ एकच.

थापा मात्र ज्याच्या त्याच्या वकुबाप्रमाणे निघाल्या. खोंग चांगशान नावाचा पोरगा मोठा बोलका. त्यानं बायकोला सांगितलं, लांबचा एक पुतण्या सैन्यात आहे, सीमेवर निघाला होता, त्याच्या हातावर बांधून दिलं. त्याच्या बायकोचं, फेंगच्याओचं, मन भरून आलं. पुढे नळावर, भाजीच्या रांगेत, जिथं चार बायका जमतील तिथं ती सांगायची, "आमच्या यांनी नवंकोरं घड्याळ देशासाठी काढून दिलं."

आणि पेंग शौयी? तो मुलखाचा मुखदुर्बळ. त्याचं लग्न खोंगच्या आधी आठ-नऊ महिने झालं. तिसऱ्या दिवशी तो मला परत करायला आला तेव्हा मेस्त्रींनी विचारलं, "काय सांगितलंस घरी?" तो म्हणाला, "फेरीबोटीच्या धक्क्यावर पडलं म्हणून सांगितलं." मेस्त्रींनी कपाळावर हात मारला. सूयून, त्याची बायको, नदीपलीकडच्या खेड्यातली, कष्टाळू आणि हट्टी. ती जानेवारीच्या गारठ्यात दोन दिवस त्या धक्क्यावर चिखल चिवडत बसली. मी त्या वेळी मेस्त्रींच्या खिशात, रुमालात, उबेला होतो. ही गोष्ट आठवली की माझी चाल अजून बिघडते.

त्याच वर्षी शरद ऋतूत खोंगचं लग्न झालं. जेवण कारखान्याच्या खाणावळीत. खोंग मला बांधून टेबलाटेबलावर दारू वाढत फिरत होता. सूयूनच्या टेबलाशी येऊन त्यानं बाटली वाकवली आणि मी तिच्या नाकासमोर आलो. लाल थेंबासकट. तिचा हात पेल्यावरच थांबला. खोंग शेजारी वळला तेव्हा तिनं हळू आवाजात नवऱ्याला विचारलं, "हरवलं होतं ना? मग याच्या हातावर कसं?"

शौयी ताटातला भात चिवडू लागला.

"विकलंस? दारूत घातलंस?"

मित्रांनो, तिथं त्याला खरं सांगता आलं असतं. पण तीन टेबलं सोडून फेंगच्याओ नवरीच्या लाल कपड्यांत बसली होती. शौयीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून हो म्हणाला. सूयून जेवण अर्धं टाकून उठून गेली. फेंगच्याओला वाटलं, बाई शिष्ट आहे. त्या दिवसापासून त्या दोघी एकाच चाळीत राहून एकमेकींच्या घरचं पाणी प्यायल्या नाहीत.

पुढचं मला खूप उशिरा कळलं. छ्यू मेस्त्री गेले, त्यांच्या भाच्यानं मला बिस्किटाच्या डब्यात टाकलं आणि डबा माळ्यावर चढवला. वीस वर्षं मी तिथं पडून होतो. घड्याळ बंद पडणं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं. दुखत काही नाही. आपलं कुणाला काम उरलं नाही, एवढंच रोज समजत राहतं. भट्टी बंद झाली, कारखाना पाडला, हे मी भिंतीपलीकडच्या बोलण्यातून ऐकलं. शेवटी भाच्याच्या मुलानं डबा भंगारात दिला आणि मी रविवारच्या जुन्या बाजारात एका चादरीवर येऊन पडलो.

तिथं मला उचललं ते पेंग याननं. चाळिशीची बाई, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरीला. तिनं मला आधी कानाशी धरलं, मग चावीला दोन अलगद वेढे दिले. वीस वर्षांनी माझ्या पोटात काहीतरी हललं. खरं सांगतो, मला रडू आलं असतं तर मी रडलो असतो.

"पॉलिश करून देतो ताई," दुकानदार म्हणाला. "तो लाल डागही खरवडून काढतो. अगदी नवं दिसेल."

"डागाला हात लावाल तर खबरदार," यान म्हणाली. पिशवीतून तिनं एक जुना लग्नाचा फोटो आणि भिंग काढलं. फोटोतल्या नवरदेवाच्या मनगटावर मी होतो, आणि कडीपाशी एक काळा ठिपका.

ती शौयी आणि सूयूनची मुलगी. तिच्या घरी जुनी घड्याळं तेवीस होती, माझ्यासकट चोवीस. रोज सकाळी ती एकेकाला चावी द्यायची, त्यातलं एक दिवसभर हातावर बांधायची, आणि आमच्याशी बोलायची. "तुला कुणी गं एवढं झिजवलं? डावखुरा होता का तुझा मालक?" असं चालायचं. तिची आई म्हणायची, "मेलेल्यांची मनगटं गोळा करतेय कार्टी." पण यानला त्यात काय दिसायचं ते मी सांगतो. वेळ बघायला तिच्या खिशात फोन होता. तिला हवी होती ती दुसऱ्या माणसाची ऊब, पट्ट्यावर राहिलेला त्याचा घाम, काचेवरचा ओरखडा. कुणीतरी रोज सकाळी उठून दोन बोटांनी या वस्तूला जागं केलं होतं, आणि आता ते काम आपल्याकडे आलंय, हे तिला आवडायचं. आणि या सगळ्या छंदाचं मूळ एकच होतं. लहानपणापासून ती घरात एकच भांडण ऐकत आली होती. बाबांनी विकलेलं ते घड्याळ तिला शोधून आणायचं होतं.

तिच्याकडूनच मला कळलं की शौयीनं पुढे पैसे साठवून बायकोला एक नाजूक सोनेरी घड्याळ आणून दिलं होतं. सूयूननं ते पेटीत टाकलं. "मला हे नको. ते कुठंय ते सांग," एवढंच म्हणाली.

यान मला घरी घेऊन गेली तेव्हा शौयी खिडकीशी अंथरुणावर होता. भट्टीच्या धुरानं छाती खाल्ली होती. डॉक्टरांनी महिन्याभराचीच मुदत दिली होती. सूयून शेजारी बसून शेंगा सोलत होती. यान म्हणाली, "बाबा, हे बघा," आणि मला त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं पाहिलं नाही. अंगठ्यानं चाचपून तो लाल थेंब शोधला आणि डोळे मिटले.

सूयूननं मान वर केली. "सापडलं का? कितीला विकलं होतंस ते मला नको. का विकलंस तेवढं सांग. जाताना ओझं नेऊ नकोस, म्हाताऱ्या."

"विकायला ते माझं नव्हतं," शौयी म्हणाला. मग थांबत थांबत, धापा टाकत त्यानं सगळं सांगितलं. मेस्त्री, सहा पोरं, भट्टीसमोरची शपथ.

"म्हणजे दारू खोटी?"

"मी पितो का कधी?"

"नाही पीत. म्हणून तर जास्त राग यायचा. न पिणाऱ्या माणसानं एवढी ढोसली कशी, हेच मला कळत नव्हतं."

यानला हसावं की रडावं समजेना. सूयून मात्र हसली नाही. तिनं शेंगांचं भांडं बाजूला ठेवलं. "त्या दिवशी नाही बोललास, समजलं. नंतर काय झालं होतं?"

"नंतर फेंगच्याओ सगळ्यांना सांगत सुटली. पुतण्या, सीमा, देश. खोंग गेल्यावर तर तेवढंच उरलं तिच्याकडे. ते कसं काढून घ्यायचं?"

"आणि माझ्याकडचं काढून घेतलंस ते?"

शौयीनं मला चादरीवर ठेवलं. तो म्हणाला, "घड्याळ नसतं तर तू मला हो म्हणाली नसतीस. मला भीती होती."

"कुणी सांगितलं तुला? पहिल्या भेटीत तू डावा हात टेबलावर असा आडवा टाकून बसलास. तासभर हलवला नाहीस. चहासुद्धा एका हातानं प्यायलास. मला वाटलं, याचा हात अधू आहे. घरी जाऊन आईला सांगितलं, हात अधू आहे पण माणूस बरा वाटतो, मी करते. घड्याळाकडे कुणाचं लक्ष होतं? ते मी फोटो काढताना पाहिलं."

शौयी तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला हसू फुटलं, हसण्यातून खोकला उठला, आणि सूयून त्याची पाठ चोळत, रडत, "मूर्ख, मूर्ख मेला," म्हणत राहिली. मी त्या वेळी चादरीवर पडलो होतो. मला सहा नवरदेवांनी डोक्यावर घेतलं होतं, आणि ज्या मुलीला भुलवायला मला नेलं तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माझा गर्व उतरला. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्यानंतर शौयी एकोणीस दिवस जगला. ते दिवस मी सूयूनच्या हातावर काढले. त्याची औषधं ती माझ्यावर बघून द्यायची. कधी गंमत म्हणून मला त्याच्या हातावर बांधायची. मनगट एवढं काटकुळं झालेलं की मी कोपरापर्यंत घसरायचो. दोघं फार बोलत नसत. शेवटच्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः मला चावी दिली. तीन वेढ्यांतच त्याची बोटं दमली. संध्याकाळ व्हायच्या आधी तो गेला.

सातव्या दिवशी भेटायला लोक आले. फेंगच्याओही आली, काठी टेकत. इतक्या वर्षांत प्रथमच तिनं त्या घराचा उंबरा ओलांडला होता. ती सूयूनजवळ बसली, सांत्वनासाठी तिनं तिचा हात हातात घेतला, आणि तिची नजर माझ्यावर पडली.

"वहिनी," ती म्हणाली, "हा लाल ठिपका... हे आमच्या यांचं आहे." तिनं मला डोळ्यांजवळ ओढलं. "हे तर सीमेवर गेलं होतं. तुमच्याकडे कसं आलं?"

यान दारात उभी होती, चहाचे पेले घेऊन. सूयूनच्या मनगटाची नाडी माझ्या पाठीला लागत होती, ती जोरात उडायला लागली. मित्रांनो, त्रेचाळीस वर्षांचा राग होता तो. दोन दिवसांचा गारठलेला चिखल होता. आता तिच्या तोंडी खरं आलं होतं, ते सांगायचा तिला पुरता हक्क होता, आणि ज्याचं नाव त्यानं स्वच्छ झालं असतं तो माणूस भिंतीवर काळ्या फितीच्या फोटोत बसला होता. मला वाटलं, बोल. माझ्या शौयीसाठी बोल. किती आतुरतेनं वाटलं मला.

सूयूननं पट्टा सोडला.

"यानला बाजारात सापडलं," ती म्हणाली. "यांनी बघितल्याबरोबर ओळखलं. म्हणाले, हे खोंगचं, फेंगच्याओला नेऊन दे. आजारपणात राहून गेलं बघ." आणि मला तिनं फेंगच्याओच्या हातावर बांधलं. पट्टा सैल होता म्हणून एक भोक पुढे घेतलं.

फेंगच्याओ मला छातीशी धरून खूप रडली. "पेंगभाऊ चांगला माणूस होता," ती म्हणाली. "फार चांगला," सूयून म्हणाली.

लोक गेल्यावर यान आईपुढे बसली. "आई, दहा वर्षं शोधत होते मी ते. का दिलंस?"

"तुझ्या बापानं तिच्यासाठी जन्मभर माझ्या शिव्या खाल्ल्या," सूयून म्हणाली. "ते मी आज सात दिवसांत मोडू?" मग ती उठली, पेटी उघडली आणि ते नाजूक सोनेरी घड्याळ बाहेर काढून स्वतःच्या हातावर बांधलं. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी यानकडून कळलं; ती फेंगच्याओकडे मला भेटायला आली होती, हळूच माझ्याशी बोलून गेली.

आता मी फेंगच्याओच्या घरी असतो. ती मला उद्यानात नेते, बाकावर बसून सीमेवरच्या पुतण्याची गोष्ट सांगते, आणि ऐकणारे मला कौतुकानं बघतात. तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली आहेत, तिला चावी फिरवता येत नाही. म्हणून रोज सकाळी सूयून येते. सोयाबीनचं गरम दूध आणि पिठाच्या तळलेल्या काड्या घेऊन येते. आधी मला हातात घेते, कानाशी धरते, सावकाश चावी देते. त्या मिनिटभरात ती कुणाशी बोलत नाही. मग मला पुसून फेंगच्याओच्या हातावर बांधते आणि दोघी न्याहारीला बसतात.

तेव्हा मित्रांनो, एखादं जुनं घड्याळ तुमच्या हाती आलं तर त्याला नवं करायला जाऊ नका. पाण्यापासून जपा. चावी रोज एकाच वेळी द्या, आणि ताण लागला की थांबा, जोर करू नका. आणि त्याची खरी गोष्ट कधी तुम्हाला कळलीच, तर ती ऐकून कुणाला झोप लागणार नाही याचाही आधी जरा विचार करा. सूयूननं केला. ती आता यायची वेळ झाली आहे. मी चार मिनिटं मागे आहे, म्हणजे ती जिन्यावर असेल.